‘पडेल उमेदवाराची एवढी आरती?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फ्रान्सच्या माजी उच्च शिक्षण मंत्री वालेरी पेक्रेस यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सणसणीत प्रतिक्रिया दिलीत. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पाच टक्केही मतं न मिळवलेल्या बाईंची आरती कशाला? त्यांच्या कायद्याने आणलेली विद्यापीठांची ‘स्वायत्तता’ म्हणजे मागच्या दाराने खासगीकरण, आपल्या विनाअनुदानित कॉलेजांचीच फ्रेंच आवृत्ती. ज्या बाई प्रशासकीय प्रशालेतून थेट सत्तेच्या दालनात गेल्या, त्यांना विद्यापीठातलं काय कळणार? 2009 चं विद्यापीठांतलं आंदोलनही यांनीच ओढवून घेतलं. आणि शेवटी, तिकडे शिकायला निघालेल्या तुमच्या भाच्याची फी यांच्यामुळेच वाढली.

पहिल्या मुद्द्यावर फार शाई खर्च करत नाही. 2022 मध्ये त्यांना 4.78 टक्के मतं पडली हे खरंच. पाच टक्क्यांची वेस ओलांडता न आल्याने प्रचारखर्चाचा मोठा हिस्सा सरकारकडून परत मिळाला नाही, आणि आपल्या डोक्यावर 50 लाख युरोंचं वैयक्तिक कर्ज आहे असं सांगत दुसऱ्याच दिवशी त्यांना देणगीसाठी हात पसरावे लागले. पण माझा लेख 2007 ते 2011 या काळातल्या उच्च शिक्षण आणि संशोधन मंत्र्यावर होता. त्या चार वर्षांचा हिशेब 2022 च्या मतपेटीतून कसा निघणार?

‘विद्यापीठातलं काय कळणार’ याला उत्तर म्हणून आलँ दव्हाके यांच्याकडे बघा. रसायनशास्त्राचे प्राध्यापक, घरचाच माणूस. 1986 मध्ये पंतप्रधान शिराक यांच्या सरकारात उच्च शिक्षण आणि संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांच्या विधेयकात प्रवेशाच्या वेळी निवड आणि फी ठरवण्यात विद्यापीठांना मोकळीक, अशा दोन गोष्टी होत्या. लाखो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. 5-6 डिसेंबरच्या मध्यरात्री मालिक उसेकिन हा 22 वर्षांचा विद्यार्थी पॅरिसच्या र्यू मस्य-ल-प्रँस या रस्त्याने चालला होता. तो मोर्चात नव्हताही. मागे लागलेल्या पोलिसांनी त्याला एका इमारतीच्या दारात गाठून मारलं आणि तो गेला. दोन दिवसांत शिराक यांनी विधेयक मागे घेतलं, दव्हाके यांनीही राजीनामा दिला. त्यानंतर वीस वर्षं कुठल्याही मंत्र्याने या फायलीला सहजी हात लावला नाही.

पेक्रेसबाईंनी लावला. त्यात धूर्तपणा होता, तो मी लपवत नाही. मूळ मसुद्यात मास्टर्सच्या प्रवेशावर निवडीची अट होती. विद्यार्थी संघटनांनी आवाज चढवताच राष्ट्राध्यक्ष सार्कोझींनी ती काढून टाकली. फीला तर हातच लावला नाही. 10 ऑगस्ट 2007 ला विद्यापीठांच्या स्वायत्ततेचा हा कायदा जारी झाला तेव्हा निम्मं फ्रान्स समुद्रकिनारी होतं. म्हणजे दव्हाके ज्या दोन दगडांवर आपटले, तेच बाजूला ठेवून बाईंनी वाट काढली. नोव्हेंबरात विद्यापीठांचे दरवाजे अडवले गेलेच, पण कायदा टिकला.

आता खासगीकरण. इथे तुमचा नेम चुकतोय. आपल्याकडे ‘विनाअनुदानित’ म्हटलं की संस्थाचालक, देणगी आणि भरमसाट फी डोळ्यांपुढे येते. या कायद्यात यातलं काही नाही. पदवीची वार्षिक फी सरकारच ठरवत राहिलं, आणि पुढे कित्येक वर्षं ती दोनशे युरोंच्या आतच राहिली. बदललं ते वेगळंच. विद्यापीठाच्या अध्यक्षांचे (म्हणजे आपल्या कुलगुरूंसारख्या प्रमुखांचे) अधिकार वाढले, प्रशासन मंडळ लहान झालं, आणि पगाराचा सगळा हिशेब पॅरिसमधल्या मंत्रालयातून उचलून विद्यापीठाच्या टेबलावर आला. पहिली तुकडी जानेवारी 2009 ला यात शिरली.

खरी मेख इथे आहे, आणि टीका करायची तर इथे करा. प्राध्यापक आणि कर्मचारी सरकारी नोकरच राहिले. त्यांची वेतनश्रेणी आणि वार्षिक वाढ ठरणार पॅरिसमध्ये, पैसे मोजणार विद्यापीठ. एकही नवा माणूस न घेता केवळ असलेली माणसं वयाने आणि श्रेणीने वर सरकल्यामुळे दरवर्षी खर्च फुगतो, आणि ही वाढ अनुदानात पुरती धरलेली नव्हती. मुलाला वेगळं बिऱ्हाड थाटून द्यायचं आणि किराणा कुठला भरायचा ते मात्र सासूबाईंनी ठरवायचं, असला हा प्रकार. काही वर्षांत बऱ्याच विद्यापीठांचे ताळेबंद तुटीत गेले. 2013 मध्ये व्हर्साय-सँ-काँतँ विद्यापीठाची तिजोरी इतकी रिकामी झाली की सरकारला हात द्यावा लागला. हे विद्यापीठ इव्हलिनमधलं, म्हणजे बाई जिथून खासदार झाल्या त्याच जिल्ह्यातलं!

2009 चं आंदोलनही तुम्ही त्यांच्या खात्यावर मांडलंत. अर्धं मांडा. अध्यापक-संशोधकांच्या शिकवण्याच्या तासांत फेरफार करण्याचा अधिकार विद्यापीठाच्या अध्यक्षांना देणारा हुकूम त्यांचाच. पण आगीत तेल ओतलं सार्कोझींनी. 22 जानेवारीच्या भाषणात संशोधकांना टोमणा मारला, की प्रयोगशाळेत दिवे असतात, ऊबही असते. संपूर्ण वसंत ऋतू त्यात वाहून गेला. पॅरिसच्या नगरभवनासमोरच्या चौकात प्राध्यापक आणि विद्यार्थी रात्रंदिवस गोल चालत राहिले, आठवडेच्या आठवडे, थांबायचं नाही एवढंच ठरलेलं. (घोषणा, पुतळे जाळणं यांपेक्षा हा प्रकार मला फार आवडतो. पावसात छत्री घेऊन गोल गोल चालणारे प्राध्यापक, सरकार करणार काय त्यांचं?) शेवटी तासांतला बदल संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय होणार नाही, असं हुकुमात घालावं लागलं. म्हणजे दातच काढले त्याचे.

भाच्याच्या फीचं पाप मात्र बाईंच्या माथी मारू नका. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी पदवीला 2770 आणि मास्टर्सला 3770 युरो हे दर नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीर झाले. तेव्हाच्या मंत्री फ्रेदेरिक व्हिदाल, जीवरसायनशास्त्रज्ञ आणि नीस विद्यापीठाच्या माजी अध्यक्ष. पुन्हा घरचंच माणूस, बघा! कित्येक विद्यापीठांनी सुरुवातीला स्वतःच्या अधिकारात परदेशी विद्यार्थ्यांना ही वाढ माफ केली होती. सवलत विद्यापीठागणिक आणि वर्षागणिक बदलते, तेव्हा भाच्याला अर्ज भरण्याआधीच त्या त्या विद्यापीठाला मेल टाकून विचारायला सांगा.