क्लिपबोर्ड आपल्या एकट्याचा नसतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये कॉपी-पेस्ट कसं लिहावं, या माझ्या लेखावर तुम्ही सडेतोड लिहिलंत, आवडलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फ्रेमवर्कमध्ये (अ‍ॅप बांधायच्या तयार कोडमध्ये) मजकूर क्लिपबोर्डवर ठेवणारं सेटटेक्स्ट हे फंक्शन आहे, एका ओळीत काम होतं. क्लिपबोर्ड उघडला नाही तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारा लूप म्हणजे बग न सापडल्याची सारवासारव. डिलेड रेंडरिंग, म्हणजे कुणी मागेल तेव्हाच डेटा तयार करणं, शिकवून मी नवख्यांना उगाच घाबरवतोय. शिवाय तुम्ही स्वतःचा एक उपायही सुचवलाय: टायमर लावून दर अर्ध्या सेकंदाला क्लिपबोर्ड उघडून बघायचा आणि त्यानुसार पेस्टचं बटण चालू-बंद करायचं. टायमरचं शेवटी बोलतो.

अ‍ॅपमध्ये नुसते टेक्स्टबॉक्स असतील तर ती एक ओळसुद्धा लिहू नका, टेक्स्टबॉक्स आपलं आपण बघून घेतो. पण लेख टेबलाबद्दल होता. वापरणारा चार ओळी निवडून कॉपी करतो, तेव्हा तो त्या स्प्रेडशीटमध्ये टाकणार, वर्ड प्रोसेसरमध्ये की नोटपॅडमध्ये, हे तुमच्या कोडला कळायला मार्ग नाही. म्हणून तोच मजकूर तीन रूपांत ठेवायचा: आपला स्वतःचा फॉरमॅट, एचटीएमएल आणि टॅब घातलेला साधा मजकूर. आता एका ओळीची सवय इथे नडते. आधी सेटटेक्स्ट, खाली एचटीएमएलसाठी सेटडेटा असं लिहिलं की दुसरा कॉल पहिल्याने ठेवलेलं पुसून टाकतो. वर्डमध्ये पेस्ट झकास होतं, नोटपॅडमध्ये काहीच होत नाही. सगळे फॉरमॅट एकाच डेटाऑब्जेक्टमध्ये (अनेक फॉरमॅट एकत्र ठेवणाऱ्या डब्यात) भरून एकदाच द्यायचे.

विंडोजवरच्या एचटीएमएल फॉरमॅटला वर एक हेडर लागतं. मजकुराचा तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, याचे आकडे त्यात असतात, आणि ते अक्षरांत नव्हे तर यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या बाइट्समध्ये मोजायचे असतात. ‘मराठी’ या शब्दाची स्ट्रिंगची लांबी 5 येते, बाइट्स मात्र 15. लेंग्थ वापरून हेडर बनवलंत तर इंग्रजी मजकुरावरच्या सगळ्या टेस्ट पास होतात आणि देवनागरी टेबल पेस्ट करताना शेवटचे रकाने गायब. हे हेडर सेटटेक्स्ट तुम्हाला बनवून देत नाही. एक ओळ, एक ओळ म्हणताना हे कुठे बसवायचं?

आता लूप. विंडोजवर क्लिपबोर्ड एका वेळी एकाच विंडोला उघडता येतो. तुम्ही त्यात काही ठेवलंत की ऐकत बसलेल्या सगळ्यांना निरोप जातो: रिमोट डेस्कटॉप, क्लिपबोर्ड मॅनेजर, विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून आलेली क्लिपबोर्ड हिस्टरी. त्यातलं कुणीतरी वाचायला क्लिपबोर्ड उघडतं, नेमकं तेव्हाच वापरणाऱ्याने पुन्हा कंट्रोल-सी दाबलं की तुमचा ओपनक्लिपबोर्ड, म्हणजे क्लिपबोर्ड उघडण्याचा कॉल, नापास. तुमच्या कोडमध्ये शोधण्यासारखा बगच नाही. तुमचा ज्या फ्रेमवर्कवर एवढा भरवसा आहे, त्या विंडोज फॉर्म्सचं सेटडेटाऑब्जेक्टही आतून 100 मिलिसेकंदांच्या अंतराने 10 वेळा प्रयत्न करतं आणि मगच एक्सेप्शन (एरर) फेकतं. लूपला मर्यादा हवी, हे मान्य. आणि मर्यादा संपली की कॉपी झालं नाही असं स्पष्ट सांगायला हवं. गप्प बसलात तर माणूस मघाचाच जुना मजकूर बिनधास्त पेस्ट करून मोकळा होतो.

डिलेड रेंडरिंगबाबत तुमचं निम्मं बरोबर आहे. चार ओळींसाठी ते नको. पण मोठं चित्र कॉपी करताना, कुणी मागेल न मागेल अशी तीन रूपं आधीच तयार करून मेमरी भरण्यात काय हशील? सेटक्लिपबोर्डडेटाला डेटाच्या जागी नल (रिकामं) हँडल द्या. कुणी मागितलं की विंडोजकडून डब्ल्यूएम_रेंडरफॉरमॅट हा निरोप येतो, तेव्हा बनवा. फक्त अ‍ॅप बंद होताना येणारा डब्ल्यूएम_रेंडरऑलफॉरमॅट्स विसरू नका, नाहीतर अ‍ॅपबरोबर मालही गेला. लिनक्सच्या एक्स11 या खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीवर तर हाच मूळ नियम आहे: डेटा कॉपी करणाऱ्या अ‍ॅपकडेच राहतो, दुसरं अ‍ॅप मागतं तेव्हा दिला जातो. क्लिपबोर्ड मॅनेजर चालू नसेल तर अ‍ॅप बंद, विषय संपला.

राहिला टायमर. तो दर अर्ध्या सेकंदाला क्लिपबोर्ड उघडतो, म्हणजे ज्या गर्दीमुळे दुसऱ्यांना लूप लिहावा लागतो त्या गर्दीत तुम्हीच भर घालताय. हवा तो फॉरमॅट आहे का, हे इझक्लिपबोर्डफॉरमॅटअव्हेलेबल क्लिपबोर्ड न उघडताच सांगतं, आणि बदल झाल्याची वर्दी अ‍ॅडक्लिपबोर्डफॉरमॅटलिसनर विंडोज व्हिस्टापासून देतंय. बाकी काही पटलं नाही तरी चालेल, तो टायमर तेवढा काढा.