१८७२ चा कायदा आणि नारिंगी दगडांचा ओढा

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा डेन्व्हरला आले होते, तेव्हा त्यांना घेऊन आम्ही सिल्व्हरटनला गेलो. कोलोराडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं, ९,३१८ फुटांवरचं, चिमुकल्या वस्तीचं गाव. शेजारून सिमेंट क्रीक नावाचा ओढा वाहतो. त्याच्या तळचे दगड नारिंगी आहेत. आईने काठावरचा एक गोटा उचलला आणि तिची बोटं गेरूने माखल्यासारखी झाली. "यात मासे नसतात का गं?" नसतात.

वर डोंगरात जुन्या खाणींचे बोगदे आहेत. खडकातल्या पायराईटला, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाला, हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं आणि ते जस्त, शिसं, कॅडमियम विरघळवत खाली उतरतं. शेवटची मोठी खाण १९९१ मध्ये बंद पडली, गळती मात्र चालूच आहे. ५ ऑगस्ट २०१५ ला गोल्ड किंग खाणीच्या बुजलेल्या तोंडाशी अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेचे, ईपीएचे लोक काम करत होते. आत तुंबलेलं पाणी फुटलं. ३० लाख गॅलन, म्हणजे कोटभर लिटरच्या वर. ते सिमेंट क्रीकमधून अ‍ॅनिमस नदीत उतरलं आणि नदी हळद कालवल्यासारखी पिवळी होऊन खालच्या डुरँगो गावातून वाहिली. पुढे ती सॅन वान नदीला मिळते आणि त्या नदीवर नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांची शेती आहे. त्यांच्या शिपरॉक गावच्या शेतकऱ्यांनी ऐन मक्याच्या दिवसांत पाटाचं पाणी बंद केलं. आपण लावलेलं पीक आपल्याच हाताने तहानेलं ठेवायचं! नवाहो नेशनला, म्हणजे जमातीच्या सरकारला, ३.१ कोटी डॉलरची तडजोड मिळाली ती २०२२ मध्ये, सात वर्षांनी.

लोक ईपीएवर चिडले आणि ते बरोबरच होतं. माझा राग मात्र त्याहून जुन्या गोष्टीवर आहे. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १० मे १८७२ ला सही केलेला खाणकायदा आजही लागू आहे. केंद्राच्या जमिनीवर खुंट्या ठोका, हक्क सांगा, सोनं, चांदी, तांबं काढा. सरकारला रॉयल्टी शून्य. एकरी पाच डॉलरात जमीनही नावावर व्हायची, ते १९९४ पासून थांबलं. तेल आणि कोळशावर मात्र १९२० पासून रॉयल्टी आहे. कोळशाच्या प्रत्येक टनावर १९७७ पासून वेगळा आकारही बसतो, त्यातून जुन्या खाणी बुजवल्या जातात. मग सोन्याला सूट कशासाठी? सोन्याच्या खाणीतलं पाणी काय कमी विषारी असतं?

मी खाणींच्या विरोधात नाही. सिल्व्हरटन खाणींवरच वसलं. केंद्राच्या सुपरफंड यादीत, म्हणजे सफाईसाठी निवडलेल्या अतिप्रदूषित जागांच्या यादीत, नाव गेलं तर पर्यटक फिरकणार नाहीत, या भीतीने गावाने कित्येक वर्षं त्याला विरोध केला. ज्यांचं पोट त्या गावावर आहे त्यांना मी कोण शिकवणार? माझी स्वतःची गाडी बॅटरीवर चालते आणि तिला लिथियम लागतं. नेवाडातल्या थॅकर पासच्या लिथियम खाणीला जानेवारी २०२१ मध्ये परवानगी मिळाली, तीही याच कायद्याखाली, केंद्राच्या जमिनीवर. तिथले गुरं पाळणारे शेतकरी विहिरी आणि झऱ्यांच्या काळजीने कोर्टात गेले. म्हणूनच म्हणते, नव्या खाणीच्या प्रत्येक टनावर पैसे घ्या आणि ते त्याच खोऱ्यातल्या पाण्यासाठी बाजूला ठेवा.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. नदीवर प्रेम करणाऱ्या एखाद्या स्थानिक संस्थेने पदरचे पैसे घालून जुन्या बोगद्याचं पाणी शुद्ध करायला घेतलं, तर जलप्रदूषण कायद्याने त्या पाण्याची जबाबदारी तिच्याच गळ्यात पडायची. त्यामुळे कुणी हात लावायला धजत नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये, परवाना घेतला तर ती जबाबदारी गळ्यात न पडता सफाई करता येईल, असा कायदा झाला, दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने. त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण परवाने किती? सात वर्षांत, सगळ्या देशात मिळून, जास्तीत जास्त १५. सुपरफंड यादीतल्या, सिल्व्हरटनच्या आसपासच्या एका भागातच जुन्या खाणी आणि खाणकचऱ्याच्या ४८ जागा आहेत.