‘रोजची सेप्ट्रान बंद करा’? अजिबात करू नका

‘एचआयव्ही असलेल्यांनी रोजची सेप्ट्रान बंद करावी, तिने जंतू निर्ढावतात, ताप आलाच तर लिव्होफ्लॉक्सासिन पाच दिवस घ्यावी, जोडीला गुळवेलीचा काढा’ असा मेसेज फिरतोय. सेप्ट्रान म्हणजे को-ट्रायमोक्झॅझोल, एचआयव्हीत इतर संसर्ग होऊ नयेत म्हणून रोज देतात ती गोळी; लिव्होफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक. नात्यातल्या एका बाईंनी तो वाचून गोळ्यांची पट्टी बाजूला ठेवली, म्हणून हे लिहावं लागतंय.

जंतू निर्ढावतात, हे खरं आहे. रोज सेप्ट्रान घेणाऱ्यांच्या आतड्यातले ई. कोलाय, घशातले न्यूमोकॉकस तिला जुमानेनासे होतात. पण म्हणून गोळी वाया जात नाही. झांबियात ६० ते ८० टक्के जंतू या औषधाला आधीच दाद देत नव्हते. तिथेच एचआयव्ही असलेल्या मुलांवर चाचणी झाली. २००४ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. सेप्ट्रान घेणारी २८ टक्के मुलं दगावली, औषध नसलेली गोळी घेणारी ४२ टक्के. फरक एवढा की चाचणी मुदतीआधीच थांबवली. शिवाय ही गोळी मुख्यतः न्यूमोसिस्टिस (फुफ्फुसाला ग्रासणारा) आणि टॉक्सोप्लाझ्मा (मेंदूला ग्रासणारा) यांना रोखण्यासाठी असते. पहिली बुरशी, दुसरा परजीवी. ई. कोलाय निर्ढावल्याने त्यांना बळ येत नाही.

खरा घात लिव्होफ्लॉक्सासिनच्या सल्ल्यात आहे. सीडी४ (रक्तातल्या संरक्षक पेशींची संख्या) कमी असताना येणारा ताप पुष्कळदा टीबीचा असतो, आणि हे औषध टीबीच्या जंतूंनाही मारतं. चार दिवस बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडत नाहीत, निदान लांबतं. एकट्या औषधातून जे जंतू वाचतात, ते या गटातल्या औषधांना पुढे दाद देत नाहीत. एमडीआर टीबी (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा) झाला तर उपचारात हाच गट लागतो, तो आपण आधीच घालवून बसलेलो असतो. रक्तात साल्मोनेला (टायफॉइडच्या गटातले जंतू) असेल तर पोटात गेलेल्या गोळ्यांमुळे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, कोरं येऊ शकतं. मग कोणतं औषध लागू पडेल, हे कळायचं कसं? म्हणून आधी रक्ताचं कल्चर (मोठ्या माणसाला बाटलीमागे ८ ते १० मिली), थुंकीची सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी), मग डोस. प्रकृती गंभीर असेल तर रक्त काढून लगेच डोस, रिपोर्टची वाट नाही. खोकला दोन दिवसांचा असला तरी एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) सांगा.

काढ्याने न्यूमोसिस्टिस थांबत नाही.

सेप्ट्रान जन्मभराची नसते. सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा सीडी४ ३५० च्या वर आला, तो चढता असला आणि मोठा आजार नसला, की केंद्रातले डॉक्टरच ती थांबवतात. अंगावर पुरळ येऊन तोंडात फोड आले किंवा कातडी सोलवटली, तर मात्र गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. सल्फा (सेप्ट्रानमधला एक घटक) न चालणाऱ्यांना डॅप्सोन देता येतं.