राणी छाप रुपया अमेरिकेला पाठवायच्या आधी हे वाचा

ग्रेडिंगला पाठवू का, कुठे पाठवू, किती खर्च येईल... दिवाळीपासून इनबॉक्समध्ये हेच चाललंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. माझं सरळ मत आहे की आपल्या घरांत जी जुनी नाणी असतात त्यातली बहुतेक सगळी या भानगडीत पाडायची अजिबात गरज नाही, आणि त्यातली बरीचशी तर कायद्यानेच पाठवता येत नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. अमेरिकेत पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या दोन मोठ्या कंपन्या, आपण नाणं पाठवायचं, फी भरायची, ते खरं-खोटं तपासतात, १ ते ७० मध्ये नंबर देतात आणि प्लास्टिकच्या डबीत सील करून परत पाठवतात, त्यालाच स्लॅब म्हणतात. ६० आणि त्याच्या वर म्हणजे न वापरलेलं नाणं. आता हे ७० कुठून आलं ते मजेशीर आहे. शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ही मोजपट्टी काढली, हिशोब असा की पार झिजलेल्या नाण्याला १ डॉलर येत असेल तर त्याच जातीच्या उत्तमातल्या उत्तम नाण्याला ७० यावेत. म्हणजे मुळात हा भावाचा आकडा! ते भाव कधीच उडाले, आकडा तेवढा राहिला आणि आज जगभरच्या नाण्यांना तोच चिकटवतात.

आता आपल्याकडचं बघू. लक्ष्मीपूजनाला ताम्हनात जे राणी छाप, राजा छाप रुपये निघतात ते दर वर्षी आधी चिंचेने नाहीतर पितांबरीने लख्ख होतात (पितांबरी आपल्या ठाण्याचीच, तांब्या-पितळेच्या भांड्यांना तोड नाही, पण नाण्यांना नको हो). घरच्यांना वाटतं केवढा चमकतोय बघा रुपया! पण ती घासलेली चमक वेगळी आणि टाकसाळीतून आलेली वेगळी, टाकसाळीची चमक नाणं लाइटखाली फिरवलं की पृष्ठभागावर गोल फिरते आणि एकदा घासली की परत येत नाही, राहतात फक्त केसाएवढे बारीक ओरखडे. ग्रेडरला ते भिंगातून लगेच दिसतात, मग नंबर देतच नाहीत, लेबलवर डिटेल्स, क्लीन्ड असं छापून येतं. फी तेवढीच, वर जायचं-यायचं कुरिअर आणि इन्शुरन्स, आणि हातात काय तर आपण नाणं घासलं होतं याचं सर्टिफिकेट.

आमच्या नौपाड्यातल्या एका काकांना १८६२ च्या व्हिक्टोरिया रुपयाचं फार कौतुक, त्यांच्या मते एवढा जुना म्हणजे लाखात जाणार. काका, १८६२ साल घातलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत पाडत होते, ढिगाने मिळतात. साधा झिजलेला असेल तर जांभळी नाक्याचा सराफ तो सरळ काट्यावर टाकेल, ११.६६ ग्रॅम, ९१.७ टक्के चांदी, विषय संपला.

आणि मुख्य म्हणजे १९७२ चा पुरावशेषांचा कायदा. १०० वर्षांहून जुनं नाणं हे पुरावशेष, ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. व्हिक्टोरिया गेली, एडवर्ड गेला, पंचम जॉर्जचे रुपये १९११ ते १९२२ चे, तेही सगळे गेले. त्यात १९११ चा तो प्रसिद्ध डुक्कर रुपया पण आला, ज्याच्यावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला म्हणून बोंब झाली होती. शिवराईचं (मराठ्यांचं जुनं तांब्याचं नाणं) तर नावच काढू नका. कोणी एजंट म्हणत असेल की दादा टेन्शन घेऊ नका, पार्सलवर नाण्याऐवजी टोकन लिहून पाठवतो, तर पकडलं गेल्यावर तो फोन उचलणार नाही हे लिहून ठेवा.

मग ग्रेडिंग कुणी करावं? ज्याच्याकडे १९३९ चा चांदीचा रुपया आहे त्याने. तो अजून शंभरीच्या आत आहे, खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या नाण्याचं साल बदलून बनवलेले आणि साच्यात ओतलेले त्याचे नकली भरपूर फिरतात. तिथे खरं-खोटं तपासून मिळणं हीच खरी किंमत, नंबर ६२ आला का ६३ याने मला फार फरक पडत नाही. तसंही तेच नाणं स्लॅब फोडून परत पाठवलं की वेगळा नंबर आल्याचे किस्से तिकडचे कलेक्टर स्वतःच सांगतात, शेवटी बघणारी माणसंच आहेत.

सगळ्यात डोक्यात जातो तो टॉप पॉपचा धंदा. टाकसाळीतून नवीन आलेले स्मारक सेट घ्यायचे, स्लॅब करायचे आणि जगात यापेक्षा वरचा नंबर नाही म्हणून चौपट भावाने विकायचे. अरे पण पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये (कोणत्या नाण्याला कोणता नंबर किती वेळा दिला याची कंपनीची यादी) फक्त पाठवलेली नाणी मोजतात ना! आपल्या नाण्यांपैकी पाठवतंच कोण? पाचच जणांनी पाठवलं तर त्यातलं एक टॉप असणारच, बाकीची अख्ख्या महाराष्ट्राच्या कपाटांत पडलीयत. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या ५ रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात म्हणणाऱ्या व्हिडिओला हसणारी शिकलेली माणसं इथे मात्र पैसे मोजतात. जुन्या नाणी-नोटांच्या अशा ऑनलाइन फसवणुकीबद्दल निदान रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये सावध तरी केलं होतं.

आणि हो, स्लॅबसुद्धा नकली येतात. विकत घेताना लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथे फोटो असेल तर तो समोरच्या नाण्याशी ताडून बघा, नुसता नंबर जुळला म्हणून खूश होऊ नका, कारण नकली बनवणारे खऱ्या स्लॅबचाच नंबर उचलतात.

घरच्या नाण्यांसाठी पीव्हीसीची मऊ पाकिटं टाळा, काही वर्षांत हिरवट चिकट थर धरतो. पुठ्ठ्याचे होल्डर स्वस्त मिळतात, ते पुरे. ज्यांना अजूनही वाटतंय की आपल्याकडे पाठवण्यासारखं काही आहे त्यांनी कमेंटमध्ये दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो टाका, फ्लॅश न मारता, सोबत सोनाराच्या काट्यावरचं वजन. आणि फोटो काढायच्या आधी नाणं धुऊ नका, हात जोडतो.