नेपाळचे वाघ गावं उठवून वाढलेले नाहीत

ट्रेकर्सच्या आणि निसर्गप्रेमींच्या मराठी गटांमधून सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: नेपाळने राष्ट्रीय उद्यानांतून माणसं बाहेर काढली, लष्कर उभं केलं आणि बारा-तेरा वर्षांत वाघ जवळजवळ तिप्पट केले. जंगलातली जनावरं गावकऱ्यांनीच संपवली होती. आपण मात्र मतांसाठी त्यांना मेळघाट-ताडोब्यात पोसत बसलोय.

आकडा खरा आहे. २००९ साली नेपाळमध्ये १२१ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ३५५ निघाले. पण हे कशामुळे घडलं याची जी गोष्ट मेसेज सांगतो, ती धादांत चुकीची आहे. आणि ती आपल्याकडच्या आदिवासी गावांच्या मुळावर येणारी आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

पहिलं, "उद्यानांतून माणसं काढली". नेपाळमध्ये १२ राष्ट्रीय उद्यानं, एक वन्यजीव राखीव, एक शिकार राखीव आणि सहा संरक्षण क्षेत्रं आहेत. सगळं मिळून देशाच्या जमिनीचा २३ टक्क्यांहून जास्त भाग होतो. यातलं सर्वांत मोठं कोणतं? अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्र, ७,६२९ चौरस किलोमीटर. ताडोब्याचा गाभा आणि भोवतीचा बफर पट्टा एकत्र केला तरी त्याच्या चौपटीहून मोठं. आणि तिथे माणसं राहतात: गुरुंग, मगर, थकाली, मनांगे, सुमारे एक लाख. शेती करतात, याक-मेंढ्या चारतात, लॉज चालवतात. १९८६ साली घांद्रुक गावातून हे काम सुरू झालं तेच मुळी गावाला हात न लावता संरक्षण करायचं, या अटीवर. जंगल राखायला तिथे लष्कराची तुकडी नाही. आपल्यातले कितीतरी जण अन्नपूर्णा बेस कॅम्प करून आलेत. रात्री ज्या घरी डाळभात खाल्ला, ते घर संरक्षित क्षेत्राच्या आतच होतं.

उंच डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानांतही हेच. सगरमाथा उद्यान १९७६ साली झालं. नाम्चे आणि खुम्जुंग ही शेर्पांची गावं आजही त्याच्या मधोमध आहेत. शे-फोक्सुंडो हे देशातलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान, आणि तिथल्या निळ्या सरोवराच्या काठावर रिंग्मो गाव नांदतंय. हिमालयातल्या उद्यानांसाठी १९७९ सालीच वेगळी नियमावली झाली, तिने तिथल्या रहिवाशांचा सरपणाचा आणि चराईचा हक्क मान्य केला.

मग नेपाळने कुठेच गावं उठवली नाहीत का? उठवली, आणि ते पान मेसेज लिहिणाऱ्याने नीट वाचायला हवं होतं. रारा तलावाकाठची रारा आणि छाप्रू ही दोन गावं १९७० च्या दशकाच्या अखेरीस हलवली. तीन हजार मीटर उंचीवर पिढ्यान्पिढ्या राहिलेली माणसं तराईच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल पट्ट्याच्या उकाड्यात, बर्दिया जिल्ह्यात नेऊन बसवली. ती हवा, तो हिवताप अनेकांना सोसला नाही. तराईतल्याच चितवन राष्ट्रीय उद्यानातलं पदमपूर गावही असंच हलवलं गेलं. अगदी अलीकडे, २०२० च्या जुलैमध्ये, भर पावसाळ्यात आणि कोरोनाच्या काळात, चितवनच्या हद्दीवर कुसुमखोला इथली चेपांग आदिवासी कुटुंबांची घरं उद्यानाच्या लोकांनी पाडली. त्यासाठी हत्ती वापरले, काही झोपड्या पेटवल्या. नेपाळमध्ये त्यावर केवढा गदारोळ झाला! तिथले लोक ज्याला देशाची लाज म्हणतात, ते आपण आदर्श म्हणून पुढे पाठवतोय.

"जनावरं गावकऱ्यांनी संपवली" हा दावा तर इतिहासाच्या पानापुढे टिकतच नाही. १९११ च्या डिसेंबरमध्ये राजा पंचम जॉर्ज चितवनला शिकारीला आला आणि दहा-अकरा दिवसांत ३९ वाघ, १८ गेंडे पडले. १९३८-३९ च्या हिवाळ्यात राणा पंतप्रधान जुद्ध शमशेर यांच्या शाही शिकारीत १२० वाघ आणि ३८ गेंडे मारले गेले. एका हंगामात १२०! आज चितवनमध्ये २०२२ च्या गणनेप्रमाणे १२८ वाघ आहेत. त्या काळात तिथे शेकडो वर्षं राहणारे थारू आदिवासी होतेच, आणि त्यांच्या शेजारी वाघही होते. पुढे १९५० च्या दशकात डीडीटी फवारून हिवताप आटोक्यात आणला, सरकारने पहाडातल्या लोकांना तराईत वसवलं, जंगल तोडून शेती झाली, आणि गेंडे शंभराच्या आसपास उरले. तो माणसं वसवण्याच्या सरकारी धोरणाचा परिणाम होता. त्याचं खापर थारू, बोटे, माझी या तिथल्या मूळच्या जमातींच्या डोक्यावर फोडणं हा अन्याय आहे.

आता लष्कर. या मुद्द्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. १९७५ पासून नेपाळी सेना चितवनमध्ये आहे. माओवादी युद्धात जंगलातल्या चौक्या आवळाव्या लागल्या तेव्हा शिकाऱ्यांचं फावलं. चितवनमधले गेंडे २००० साली ५४४ होते, ते २००५ मध्ये ३७२ वर आले. शिंगांची तस्करी करणाऱ्या टोळ्यांपुढे काठीधारी वनरक्षक पुरा पडत नाही, हे उघड आहे.

पण बंदूक तर १९७५ पासून होती. नवीन काय घडलं ते पाहा. १९९३ साली नेपाळने कायदा बदलला आणि १९९६ मध्ये बफर क्षेत्राची नियमावली आली. उद्यानाच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के वाटा आजूबाजूच्या गावांच्या विकासाला देण्याची सोय झाली. त्यातून गावाच्या समित्या कुंपणं घालतात, बायोगॅस बसवतात, रस्ते करतात. त्याच वर्षीच्या, १९९३ च्या वन कायद्याने उद्यानांबाहेरची जंगलं गावगटांच्या हाती दिली. असे गट आज २२ हजारांच्या वर आहेत. चितवनच्या काठावरच्या सौराहाजवळचं बाघमारा सामुदायिक वन याचंच फळ. चराईने उजाड झालेल्या जमिनीवर गावाने झाडं लावली, आज तिथे गेंडे फिरतात आणि पर्यटकांच्या तिकिटाचे पैसे गावाला मिळतात. बर्दिया उद्यानाला भारतातल्या कतरनियाघाट अभयारण्याशी जोडणारा खाता कॉरिडॉर, म्हणजे जनावरांच्या ये-जा करण्याचा जंगलपट्टा, अशाच गावजंगलांनी उभा राहिला. रात्री गस्त घालणारी, अनोळखी माणूस दिसला की खबर देणारी पोरं त्याच गावांतली असतात. चौकीतल्या जवानाची दोन-तीन वर्षांनी बदली होते, गावातला माणूस कुठे जातो? २०११ साली नेपाळमध्ये वर्षभरात एकही गेंडा शिकारीत गेला नाही. गस्त आणि गावाची साथ दोन्ही मिळाल्यावर हे जमलं.

गवताची गोष्ट इथे सांगायलाच हवी. चितवनच्या नदीकाठी माणूस बुडेल एवढं गवत वाढतं. थारूंच्या घराचं छप्पर खर नावाच्या गवताचं आणि कुडाच्या भिंती खडाईच्या, म्हणजे बोरूसारख्या काडीच्या. वरून चिखल-शेणाचा गिलावा. त्यासाठी उद्यान दर हिवाळ्यात काही दिवस गावकऱ्यांना आत सोडत आलंय. विळे घेऊन माणसं शिरतात आणि भारे बांधून बाहेर येतात. मग उरलेलं गवत जाळलं जातं, कोवळे कोंब फुटतात, त्यावर चितळं येतात आणि चितळांमागे वाघ. हे कापणं थांबलं तर त्या कुरणात झाडोरा शिरतो. म्हणजे मेसेजमधला "शत्रू" विळा घेऊन वाघाचंच ताट वाढत होता!

सगळं गोड आहे असं मात्र अजिबात नाही. बर्दिया उद्यानात २००९ साली १८ वाघ होते, २०२२ मध्ये १२५ झाले. त्याची किंमत काठावरच्या गावांनी मोजली. सरपणाला, गवताला गेलेली माणसं मारली गेली. २०२२ च्या जूनमध्ये तिथले लोक संरक्षण मागायला रस्त्यावर उतरले तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात एक तरुणी गेली. वाघांच्या आकड्याचा जल्लोष करणाऱ्या मेसेजमध्ये या माणसांसाठी एक ओळही नाही, याचा मला राग येतो.

राहिला शेवटचा मुद्दा, आपणही तेच करावं हा. नेपाळच्या जाणत्या लोकांचा अनुभव कुठे घेऊन गेला ते सांगतो. २००६ च्या सप्टेंबरमध्ये कांचनजंगा संरक्षण क्षेत्राचा कारभार सरकारने तिथल्या स्थानिक लोकांच्या परिषदेकडे सोपवला. त्या कार्यक्रमाहून परतताना घुन्साजवळ हेलिकॉप्टर कोसळून २४ जण गेले. अन्नपूर्णा प्रकल्प उभा करणारे डॉ. चंद्र गुरुंग, सगरमाथा उद्यानाचे पहिले शेर्पा वॉर्डन मिंग्मा नोर्बू शेर्पा, वन्यजीव खात्याचे माजी महासंचालक तीर्थमान मास्के, वनराज्यमंत्री गोपाल राई, सगळे त्यात होते. नेपाळमधल्या संरक्षणाची एक अख्खी पिढीच गेली. ही माणसं हयातभर काम करून ज्या निष्कर्षाला आली तो गावाच्या हाती जंगल देण्याचा होता.

आणि आपल्याकडे गाव हलवायचं तर ग्रामसभेची संमती लागते, असं २००६ चा वनहक्क कायदा सांगतो. ती मतांसाठी केलेली मेहेरबानी नाही, देशाचा कायदा आहे. नेपाळचा दाखला द्यायचाच असेल, तर व्याघ्र प्रकल्पांच्या गेटवर जमणाऱ्या पैशातला ३० ते ५० टक्के वाटा काठावरच्या गावांना कायद्याने मिळावा, अशी मागणी करा. तो मेसेज मी स्वतः सगळ्या गटांत पाठवीन.