गहू विष नाही, आणि खपली माझ्यासाठी औषध नाही

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला सात जणांनी पाठवला. नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला, आणि ‘तू तर हे आधीच करतेस ना’ म्हणत काहींनी वेगळाही धाडला. मजकूर थोडक्यात असा: गहू हे हळूहळू भिनणारं विष आहे. हरितक्रांतीत त्याची जनुकं बदलली. त्यातलं ग्लुटेन डिंकासारखं आतड्याला चिकटतं आणि त्यातूनच मधुमेह, गुडघेदुखी, लठ्ठपणा होतो. आपले पूर्वज गहू खातच नव्हते. मोठे खेळाडू गव्हाला शिवत नाहीत. म्हणून आजपासून गहू बंद करा, आणि पोळी सुटत नसेल तर खपली खा, तिच्यात ग्लुटेन नसतं.

मी अकरा वर्षं गहू खाल्लेला नाही. मला सीलिॲक हा आजार आहे. गहू, जव किंवा राय (गव्हासारखंच एक परदेशी धान्य) पोटात गेलं की माझी प्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्यावर उलटते. त्यामुळे या मेसेजच्या बाजूने मीच सगळ्यात आधी बोलायला हवं, असं लोकांना वाटतं. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीची आहे, आणि दोन चुका तर माझ्यासारख्यांच्या जिवावर येणाऱ्या आहेत.

डिंकाचं आधी बघू, कारण मेसेजसोबत व्हिडिओ आहे आणि तो बघून माणसं खरंच घाबरतात. त्यात कणकेचा गोळा नळाखाली चोळून चोळून धुतलाय. पांढरं पाणी वाहून जातं आणि हातात ताणलं जाणारं, चिवट काहीतरी उरतं. प्रयोग खरा आहे, घरीही जमतो. वाहून गेला तो स्टार्च, आणि उरली ती ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन या प्रथिनांची जाळी, म्हणजेच ग्लुटेन. पुरणपोळी लाटताना पुरण बाहेर येत नाही ते याच जाळीमुळे. पण हातात चिवट लागतं ते पोटातही तसंच राहतं, असं नसतं. पनीरही चिवटच असतं. जठरातलं आम्ल आणि पाचकरस ही जाळी तोडतात. ग्लायाडिनचे काही तुकडे पुरते पचत नाहीत हे खरं, पण बहुतेकांच्या शरीराला त्यांचं काही सोयरसुतक नसतं. सीलिॲक असलेल्या माणसाचं शरीर मात्र त्या तुकड्यांना शत्रू समजतं. माझ्या बायोप्सीच्या रिपोर्टात डिंक चिकटल्याचं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातलं सत्त्व ते शोषून घेतात. माझे ते उंचवटे सपाट झाले होते. लोह शोषलं जातं ते नेमकं त्याच भागात. चार वर्षं लोहाच्या गोळ्या घेऊनही माझं हिमोग्लोबिन आठच्या वर का जात नव्हतं, ते तेव्हा कळलं.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध तसा फार जुन्या काळी लागलेला नाही. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला आधीपासून संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि बाकीची मुलं खंगत असताना या आजाराची मुलं सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. गव्हावर असा ठोस पुरावा आहे, पण तो या आजाराच्या माणसांपुरता. जगभरात हे प्रमाण साधारण शंभरात एक आहे.

जनुकं बदलल्याचा आरोप. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं, त्यातून आणि पुढच्या संकरांतून बुटक्या, भरघोस पिकणाऱ्या जाती आल्या. बुटकेपणाचा गुण ‘नोरिन १०’ या जपानी गव्हातून आला होता. अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत केलं ते संकराचं काम, एका वाणाचे परागकण दुसऱ्यावर टाकून, वर्षानुवर्षं निवड करत. प्रयोगशाळेत जनुक घुसवलेला गहू भारतात शेतकऱ्याला विकला जात नाही. आणि नव्या जातींत ग्लुटेन वाढलं का? अमेरिकेच्या कृषिखात्यातले शास्त्रज्ञ डोनाल्ड कसार्डा यांनी तिथल्या विसाव्या शतकातल्या नोंदी तपासल्या होत्या. २०१३ साली त्यांनी लिहिलं की संकरामुळे गव्हातलं ग्लुटेन वाढल्याचा स्पष्ट पुरावा दिसत नाही.

पूर्वजांबद्दलचं वाक्य वाचून मला वाईट वाटलं, कारण उत्तर पुण्यापासून काही तासांवर आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून पुढे कितीतरी हंगाम उत्खनन केलं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या घरांत जळून काळे झालेले दाणे सापडले. त्यात मुख्य धान्य जव होतं, आणि गहूही होता. म्हणजे ग्लुटेनवाली दोन्ही धान्यं महाराष्ट्राच्या मातीत तेव्हाच पिकत होती. उलट ज्यांना आपण अस्सल देशी म्हणतो ती ज्वारी, बाजरी, नाचणी मूळची आफ्रिकेतली. आजी-पणजीच्या घरात रोज भाकरी आणि सणाला पोळी असायची, हे बरोबर आहे. पण गहू महाग होता आणि आपल्या कोरडवाहू रानात ज्वारी येत होती म्हणून तसं होतं. गहू विषारी आहे असं कुणी मानत नव्हतं. विष असता तर सणाच्या नैवेद्याला चढला नसता.

आता खपली. या मेसेजमधली सगळ्यात धोकादायक ओळ हीच. खपली हा गहूच आहे, जुना वाण आहे, चवीला उत्तम आहे, तिची खीर ज्यांना चालते त्यांनी पोटभर खावी. पण तिच्यात ग्लुटेन असतंच. बन्सी गव्हातही असतं, आणि शेवया, रवा, दलिया यांतही. मागच्या होळीला माझ्या मामींनी मुद्दाम खपली दळून आणून माझ्यासाठी वेगळ्या दोन पुरणपोळ्या केल्या होत्या. ताट माझ्यापुढे ठेवताना म्हणाल्या, ‘ही तुझी, हिच्यात ते ग्लुटेन नसतं, मेसेज आलाय.’ इतक्या मायेने केलेलं ताट परत सरकवताना काय वाटतं ते सांगता येत नाही. मामींची चूक नव्हती. खोटं लिहून पुढे ढकलणाऱ्याची होती.

मेसेज सांगत नाही त्या जागा वेगळ्याच आहेत. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. मेतकुटात मूठभर गहू असतो. आपल्याकडच्या सातूच्या पिठात डाळ्यांबरोबर गहू असतो. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, म्हणून सिंहगडावर पिठलं-भाकरी मागवताना मी आधी हिंगाची डबी दाखवा म्हणते. सोया सॉसमध्ये गहू, माल्टच्या पेयांत जव. आणि गिरणी: आपल्याआधी गहू दळला असेल तर ज्वारीच्या पहिल्या शेर-दोन शेर पिठात तो उतरतोच. भारतात पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायचं तर एक किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गिरणीतल्या पिठाला असली मर्यादा पाळणं जमणारं नाही, म्हणून मी घरघंटी घेतली.

‘गहू सोडला आणि सहा किलो उतरलं’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. पण गव्हाबरोबर त्यांचे पाव, खारी, बिस्किटं, सामोसे, केक सुटले, आणि बहुतेकांनी त्याच आठवड्यात चालायला सुरुवात केली. १०० ग्रॅम ज्वारीत आणि १०० ग्रॅम कणकेत उष्मांक जवळपास सारखेच. तीन भाकऱ्या म्हणजे काही हवा नव्हे. पोट फुगण्याबद्दलही एक सांगते. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी सीलिॲक नसलेल्या, तरी गहू सोसत नाही म्हणणाऱ्या ५९ जणांना काय खातोय ते न कळू देता ग्लुटेन आणि फ्रुक्टान वेगवेगळं दिलं. जास्त त्रास झाला तो फ्रुक्टानने. हे एक कर्बोदक आहे, गव्हात असतं तसंच कांद्यात आणि लसणीतही असतं. त्यांचा त्रास खरा होता, नाव भलत्याच गोष्टीचं घेतलं जात होतं.

मेसेजमधले खेळाडू म्हणजे टेनिसपटू जोकोविच. त्याला फायदा झाला असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्याची ‘चाचणी’ काय होती तर एका हाताने पावाची चकती पोटाशी धरायची आणि दुसऱ्या हातात किती जोर राहतो ते बघायचं. त्याने स्वतःच हे सांगितलंय. अशाने कसलंही निदान होत नाही. २०१५ साली सीलिॲक नसलेल्या १३ स्पर्धात्मक सायकलपटूंना एकेक आठवडा ग्लुटेनसह आणि ग्लुटेनविना खायला दिलं. कामगिरीत फरक पडला नाही.

आणि गहू सोडला की प्रकृती आपोआप सुधारते, हे तर मी स्वतःच्या शरीरावर खोटं ठरलेलं पाहिलं. निदानानंतर पहिले सहा महिने मी भात, साबुदाणा, बटाटा आणि महागडी ग्लुटेन-फ्री बिस्किटं यांवर काढले. आतडं भरून येत होतं, पण बद्धकोष्ठ झालं, वजन वाढलं, दोन मजले चढून धाप लागायची. त्या बिस्किटांत स्टार्च, साखर आणि तूप असतं, चोथा नावालाच.

वळण आलं ते भाकरी शिकल्यावर. मला भाकरी येत नव्हती, लाज वाटायची. ज्वारीच्या पिठाला ताणणारं ग्लुटेन नाही, म्हणून आधणाचं पाणी घालावं लागतं. उकळतं पाणी पडलं की पीठ चिकट होतं, मग परातीत तळहाताच्या टाचेने रगडायचं, कडेला चीर दिसली की पुन्हा रगडायचं. पीठ जुनं असलं, त्याची विरी म्हणजे चिकटपणा गेला असला, की काही केल्या थापली जात नाही, म्हणून आठवड्यापुरतंच दळायचं. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. चौथ्या महिन्यात पहिली टम्म फुगली, तेव्हा मी गॅसपाशी उभ्याउभ्याच ती लोणी लावून खाल्ली. आता घरात मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी येते, थंडीत बाजरी, उन्हाळ्यात नाचणीची आंबील. वरी, राळं, राजगिरा आहेच. भाजणी गव्हाशिवाय करते, त्यात डाळी जास्त घालते. पालेभाजी, उसळ, ताक, शेंगदाणे यांना लेबल लागत नाही.

या आजारात हाडंही ठिसूळ होतात, म्हणून चढण माझ्यासाठी औषधासारखी आहे. दर पंधरवड्याला एखादा गड, पाठीवर फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, ठेचा आणि गूळ. राजगडाची पाली दरवाजाची वाट मी आता न थांबता चढते.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट: तपासणीआधी गहू बंद करू नका. सीलिॲकची रक्तचाचणी गहू खाण्यात असेल तरच खरं सांगते. आधीच सोडला तर रिपोर्ट चांगला येऊ शकतो, आणि आजार तसाच लपून राहतो. माझ्या बहिणीची मुलगी नऊ वर्षांची आहे. दोन वर्षांत उंची फारशी वाढलेली नाही, सारखं पोट दुखतं. रक्ताच्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता जास्त असते. बहीण तिला डॉक्टरांकडे नेणारच होती, तेवढ्यात हा मेसेज आला, तिने घरातला गहू बंद केला, आणि मला आनंदाने फोन केला. आता डॉक्टरांनी पोरीला काही आठवडे पुन्हा गहू द्यायला सांगितलाय. पोट दुखतं तेव्हा ती मला फोन करते, आणि मी तिच्याशी गडांच्या गप्पा मारते. चाचणी पुढच्या महिन्यात आहे. तोवर तिच्या डब्यात रोज दोन पोळ्या जातात.