बेरीज करता येत नसेल तर आकडा दाखवता कशाला?

रात्री २ वाजून १० मिनिटांनी फोन वाजला. आमचा पोस्टग्रेस डेटाबेस पडला होता. १६ जीबीच्या लिनक्स मशीनवर मेमरी संपली, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओओएम किलरने, म्हणजे मेमरी संपली की कोणाचा तरी बळी घेणाऱ्या यंत्रणेने, पोस्टग्रेसची एक प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मारली. पोस्टग्रेसचा एक बॅकएंड, म्हणजे एक कनेक्शन सांभाळणारी प्रोसेस, असा अचानक मेला की पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शनंही तोडतो आणि रिकव्हरीला लागतो. म्हणजे एकाला मारलं आणि सगळं घर बसलं.

मला एवढंच हवं होतं: पोस्टग्रेसचं अख्खं कुटुंब मिळून किती मेमरी खातंय, अ‍ॅपचे वर्कर (काम करणाऱ्या प्रोसेस) मिळून किती, आणि उरलेले किती. तीन ओळी! लिनक्स १९९१ पासून आहे आणि या तीन ओळी अजून सरळ हातात पडत नाहीत, याचा मला मनापासून संताप येतो.

टॉप लावलं, चालू प्रोसेस आणि त्यांची मेमरी दाखवणारी कमांड. पोस्टग्रेसच्या चाळीस प्रोसेस, प्रत्येकीसमोर आरईएसच्या (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेल्या मेमरीच्या) रकान्यात साडेतीन जीबीच्या आसपास आकडा. पीएस आणि ऑक या कमांडींनी बेरीज केली तर १३८ जीबी. १६ जीबीच्या मशीनवर १३८! कारण शेअर्ड बफरच्या, म्हणजे सगळ्या प्रोसेसनी मिळून वापरायच्या मेमरीच्या, त्याच त्या ४ जीबींतला बहुतेक भाग प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजलेला. आमच्या गावाकडे भावाभावांत एक विहीर असली तर सातबाऱ्यावर ती सामाईक म्हणून लागते, ज्याचा त्याचा हिस्सा लिहितात. सहा सातबारे आहेत म्हणून सहा विहिरी कोणी मोजत नाही. तलाठ्याच्या दप्तरात जे सांभाळलं जातं ते टॉपच्या पहिल्या पडद्यावर का नाही?

हिस्सा मोजणारा आकडा आहे बरं का. पीएसएस म्हणतात त्याला. मेमरीचं एक पान (४ केबीचा तुकडा) चाळीस प्रोसेसमध्ये सामाईक असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळिसावा भाग. २०१७ च्या ४.१४ कर्नलपासून प्रत्येक प्रोसेसच्या स्मॅप्स-रोलअप फाइलमध्ये तो तयार मिळतो. पण रूट (सर्वाधिकारी युजर) व्हा, एकेक फाइल उघडा, बेरीज स्वतः करा. केली. ५.१ जीबी आली. कुठे १३८, कुठे ५.१! आणि तोवर कॉलवरच्या साहेबांनी टॉपचा स्क्रीनशॉट घेऊन वर पाठवलाही होता: "पोस्टग्रेस मेमरी खातोय, मोठं मशीन लागेल." मी घसा फोडून सांगतोय, सर, ही बेरीजच चुकीची आहे. ऐकतंय कोण? त्यांच्यासमोर आकडा आहे, माझ्याकडे फक्त बोलणं.

लोक म्हणतात, प्रोसेस ग्रुप बघ ना, पीजीआयडी (ग्रुपचा क्रमांक) लाव. लावून बघा! पोस्टग्रेसचा प्रत्येक बॅकएंड जन्मल्याबरोबर सेटसिड करतो, म्हणजे ज्याचा त्याचा वेगळा ग्रुप. चाळीस प्रोसेस, चाळीस ग्रुप. ज्या शब्दात 'ग्रुप' आहे तोच इथे गट दाखवत नाही.

मग उरलं सीग्रुप, प्रोसेसचा गट करून त्याची मेमरी एकत्र मोजणारी कर्नलची सोय. तिचे आकडे दाखवणारी सिस्टिमडी-सीजीटॉप कमांड चालवली, त्यात पोस्टग्रेस ११ जीबी. हा तिसराच आकडा! कारण त्यात फाइल कॅशही (वाचलेल्या फाइलींची मेमरीत ठेवलेली प्रत) धरलेली असते. थोड्या वेळापूर्वी बॅकअप झाला होता, त्याची वाचलेली पानं पोस्टग्रेसच्या खात्यावर चढली होती. कर्नल ती हवी तेव्हा सोडून देऊ शकतो, पण पडद्यावर तसं लिहिलेलं नाही. फोड हवी तर सीग्रुपची मेमरी.स्टॅट फाइल उघडा, तिथे शेअर्ड मेमरी 'एसएचमेम'मध्येही आणि 'फाइल'मध्येही. दोन्ही धरले की पुन्हा दुप्पट. माणसाने रात्री तीन वाजता हे सगळं पाठ म्हणायचं का?

आणि मुख्य प्रश्न तर आत्ता किती हा नव्हताच. २ वाजून १० ला किती होती? सर्वोच्च किती गेली? जुन्या सीग्रुप व्ही-१ मध्ये कमाल वापराची फाइल होती. व्ही-२ आलं २०१६ च्या ४.५ कर्नलमध्ये, आणि त्यात तशी फाइल, मेमरी.पीक, यायला २०२२ चं ५.१९ उजाडलं. सहा वर्षं! आमच्या सर्व्हरवर कर्नल ५.१५. म्हणजे फाइलच नाही.

शेवटी पहाटे पाचला डीमेसेजमधला (कर्नलच्या नोंदींमधला) ओओएमचा तक्ता ओळ न् ओळ वाचला. त्यातही आरएसएस (टॉपच्या आरईएसचंच दुसरं नाव) पानांमध्ये, प्रत्येक आकडा चारने गुणा मग केबी मिळतात. शेजारचा पेज टेबलचा (पानांच्या नोंदवहीचा) रकाना मात्र बाइटमध्ये. एकाच ओळीत दोन मापं! त्या तक्त्यात एकाच नावाच्या २४ ओळी सापडल्या. रात्रीच्या रिपोर्टची स्क्रिप्ट, एका वेळी २४ पोरं (चाइल्ड प्रोसेस) सोडणारी, प्रत्येक साडेतीनशे एमबीचं, दोन सेकंदांत काम उरकून गायब. टॉप दर तीन सेकंदांनी बघतो, त्याला ती दिसणार कशी? एकेकटी बघितली तर किरकोळ, मिळून आठ जीबीच्या वर. आणि मारलं कोणाला? पोस्टग्रेसला. कारण बळी निवडताना कर्नलही आरएसएसच धरतो, आणि त्यात ती सामाईक विहीर पूर्ण मोजलेली असते.

हे सगळं लिहून, आकड्यांसकट, सकाळी पाठवलं. दुपारी उत्तर आलं: ६४ जीबीचं मशीन मंजूर. महिन्याचं भाडं कितीतरी पटींनी वाढलं. रिपोर्टच्या स्क्रिप्टमधला २४ चा आकडा बदलायची माझी विनंती अजून तशीच पडून आहे.